सुमीच्या बाजूची काच

काळी फिल्म जांभळी पडायला लागली की समजायचं, ती संपली. काच फुटलेली नसते, फिल्म फाटलेली नसते, लांबून गाडी काळीच दिसते. पण जवळ जाऊन तिरकं बघितलं की वांग्याच्या सालीसारखा रंग चढलेला असतो आणि कडेला बारीक फुगे आलेले असतात. बिदरकडच्या हुमनाबादच्या हायवेवर माझं गाड्यांच्या काचांना फिल्म लावायचं दुकान होतं. ऐन उमेदीची सगळी वर्षं माझी त्यात गेली. दुकानात पाय टाकणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारायचा, "अण्णा, किती दिवस टिकंल?"

याचं सरळ उत्तर नसतं, म्हणून आधी धंदा समजावून सांगतो. फिल्म म्हणजे प्लॅस्टिकचा पातळ कागद. एका बाजूला गोंद, आत रंग. काच स्वच्छ धुवायची, साबणाचं पाणी मारायचं, कागद त्यावर सरकवून जागेवर बसवायचा आणि रबराच्या पट्टीनं पाणी बाहेर काढायचं. मागची काच गोल असते, तिथं गरम हवा देऊन कागद आक्रसून घ्यावा लागतो. हात बसलेला नसला की तिथंच चुण्या पडतात. स्वस्त फिल्ममध्ये नुसता रंग असतो. काळ्यात दोन-तीन रंग मिसळलेले असतात, त्यातला एक ऊन आधी खातं आणि मग उरतो तो जांभळा. असली फिल्म आमच्याकडं दोन उन्हाळे काढायची. चांगल्या फिल्ममध्ये ऊन अडवणारा वेगळा थर असतो, ती चार-पाच उन्हाळे जायची. गाडी लिंबाखाली उभी राहत असेल तर त्याहून जास्त. गुलबर्ग्याच्या तुरीच्या बाजारात दिवसभर उघड्यावर तापत असेल तर कमी. म्हणून मी गिऱ्हाइकालाच उलटं विचारायचो, "गाडी कुटं उभी करतासा?" काहींना वाटायचं, माणूस उत्तर टाळतोय.

मी भालकीकडच्या खेड्यातला. घरी थोडी शेती, भाऊ ती बघायचे. दहावीनंतर हैदराबादेत एका उस्तादाकडं काम शिकलो. उस्ताद फार बोलायचे नाहीत. मी घाई केली की मागून आवाज यायचा, "पानी नक्को बचा, माणिक. पानी कम हुआ तो बुलबुला आताच है." नव्वदनंतरची ती वर्षं. आमच्या भागात तोवर पांढऱ्या ॲम्बॅसेडर आणि सरकारी जीपाच होत्या. बघता बघता व्हॅनी आल्या, नव्या जीपा आल्या, पुण्याला-हैदराबादला कामाला गेलेली पोरं सणाला गाडी घेऊन गावी यायला लागली. हुमनाबादला रस्ते येऊन मिळतात, म्हणून दुकान तिथं टाकलं.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एक पुढारी आले, नाव सांगत नाही. म्हणाले, आतलं माणूस मुळीच दिसता कामा नये. मी सगळ्यात गडद फिल्म लावली. आठवड्यानं गाडी परत. साहेब चिडलेले.

"काय केलास रे हे? चौकातनं गेलो, एकानं नमस्कार केला न्हाई!"

"साहेब, तुम्ही दिसतच न्हाईसा तर करतील कसं?"

ते म्हणाले, "पुढच्या दाराची काढ. मागची राहू दे." तसं केलं. नंतर कित्येक दिवस त्यांची गाडी जाताना मी बघायचो. पुढच्या खिडकीतून हात बाहेर काढून बसलेले असायचे.

बिराप्पा आला तो अशाच एका उन्हाळ्यात, दुपारी. दुबलगुंडीचा. त्याच्या वडिलांनी आयुष्यभर मेंढरं राखली. यानं ड्रायव्हिंग शिकून जुनी व्हॅन घेतली होती, हुमनाबाद-चिटगुप्पा पॅसेंजर मारायचा. उंच, काळा, हळू बोलणारा माणूस. म्हणाला, "लई काळी लावा. सगळ्या काचा."

मी मागचं दार उघडलं. सीटवर पांढऱ्या चादरीचं गाठोडं होतं. मी बाजूला ठेवायला हात घातला तर ते हललं. आत सहा-सात वर्षांची पोरगी होती. तिचे केस पांढरे, भुवया पांढऱ्या, पापण्यासुद्धा पांढऱ्या. कातडी दुधावरच्या सायीसारखी आणि गालावर उन्हानं उठलेले लाल चट्टे. दार उघडल्याबरोबर तिनं डोळे घट्ट मिटले आणि पुन्हा चादरीत शिरली.

"माझी लेक हाय. सुमित्रा," बिराप्पा म्हणाला. "जलमल्यापासनं अशीच. ऊन चालत न्हाई, उजेड चालत न्हाई. गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं सांगितलंय, उन्हात काढू नको. आता शाळा आली. शाळा उन्हात हाय."

मी त्याला समजावलं की नुसतं काळं असून चालायचं नाही. रंग डोळ्याला थंड वाटतो, पण कातडी भाजणारं ऊन स्वस्त काळ्यातनं आत येऊ शकतं. हैदराबादहून चांगली फिल्म मागवावी लागेल. तो थांबायला तयार झाला. फिल्म आली त्या दिवशी तो पुन्हा पोरीला घेऊन आला. मी एकेक काच केली. मी बिराप्पाशेजारी पुढं बसलो, दारं लावून घेतली आणि त्यानं हाक मारली, "सुमे, आता बघ."

चादर आधी कपाळापर्यंत खाली आली. मग पूर्ण निघाली. पोरगी खिडकीशी सरकली आणि काचेला नाक लावून बसली. तिला लांबचं कमी दिसायचं, त्यामुळं काचेच्या अगदी जवळ जायची सवय. समोर हायवेला एक माणूस म्हशी घेऊन चालला होता.

"अप्पा, म्हसरं!" ती ओरडली. "चार पाय हायेत!"

बिराप्पा माझ्याकडं बघून हसला आणि लगेच तोंड फिरवून स्टिअरिंग पुसायला लागला. पुसण्यासारखं काही नव्हतं. त्या पोरीनं जनावरं बघितली होती, पण चादरीखालून. दिवसाढवळ्या चारी पायांसकट, पाठीसकट, शेपटीसकट अख्खी म्हैस तिला पहिल्यांदा दिसत होती.

त्या दिवसापासून सुमी व्हॅननं शाळेला जायला लागली. पहिली फेरी पोरीसाठी, मग पॅसेंजर. शाळेच्या दारापर्यंत गाडी, तिथून छत्री. वर्गात मास्तरांनी खिडकीपासून लांब बसवलं. इतर पोरं तिला काय काय म्हणायची, ते मी लिहीत नाही. घरी आल्यावर ती आईजवळ रडायची. पण सकाळी व्हॅन सुरू झाली की दप्तर घेऊन उभी.

फिल्म किती टिकते हे मला इतकी वर्षं धंद्यात घालवून जेवढं कळलं नव्हतं, तेवढं त्या पोरीमुळं कळलं. एकदा पावसाळ्याच्या तोंडावर बिराप्पा आला.

"अण्णा, सुमी आता खिडकीला बसत न्हाई. मधी बसायलीय."

"कामून? भांडण झालं का कुणाशी?"

"न्हाई म्हणती. डोळ्याला पाणी यायलंय म्हणती."

मी गाडीच्या काचा बघितल्या. सगळ्या काळ्या. जांभळेपणाचा मागमूस नव्हता. मी म्हटलं, फिल्म चांगली आहे अजून. तरी मनाला पटेना, म्हणून तिच्या खिडकीच्या फिल्मचा तुकडा सोलून पलीकडच्या दाराच्या फिल्मशेजारी धरला. फरक दिसला. दुपारी शाळेतून परतताना ऊन सुमीच्या बाजूनं यायचं, रोज, तास-दीड तास. त्या एका खिडकीचा दम आधी गेला होता. आमच्या डोळ्यांना ते दिसायला अजून एखादा उन्हाळा लागला असता. मी तेवढी काच नव्यानं केली. दुसऱ्या दिवशी पोरगी पुन्हा खिडकीला.

मग तसा रिवाजच पडला. सुमी मधे सरकली की बिराप्पा माझ्याकडं यायचा. तिची बाजू मी इतर काचांच्या आधी बदलायचो. हैदराबादहून रोल आला की त्यातला चांगला तुकडा तिच्यासाठी बाजूला ठेवायचो. ती मोठी होत गेली. आधी नुसती बघायची, मग बोलायला लागली. तिचं मराठी आमच्यासारखं, कन्नड शाळेतलं शुद्ध आणि दुकानाशेजारच्या चहावाल्याशी बोलताना दखनी उर्दू. दहावी झाली, बारावी झाली. हुमनाबादच्या कॉलेजात गेली. तिला शिक्षिका व्हायचं होतं.

"शाळेत वर्गाच्या खिडक्या मी ठरवणार," एकदा म्हणाली. "कुठली उघडायची, कुठली न्हाई."

आता जे सांगायचं आहे ते मला जड जातं. माझा धंदा एकट्या सुमीसाठी चालत नव्हता. एक दिवस पोलीस आले. रस्त्यानं चालणाऱ्या एका पोरीला काळ्या काचांच्या जीपमध्ये ओढून नेलं होतं. पोरगी जिवंत परत आली, पण तिला जीपशिवाय काही सांगता येत नव्हतं. आतलं कुणालाच दिसलं नव्हतं, बाहेरच्यांना वाटलं, रिकामी जीप चाललीय. जीप सापडली, फिल्म माझ्याच दुकानातली होती. हवालदारानं विचारलं, "कोण आला होता लावायला?" मला खरंच आठवेना. जीपा रोज यायच्या. त्यांनी मला काही बोल लावला नाही. पण त्यानंतर कुणी 'आतलं मुळीच दिसू नये' असं म्हणालं की माझा हात थबकायचा. काहींना नाही म्हटलं. ते गुलबर्ग्याला जाऊन लावून यायचे.

त्यामुळं दोन हजार बारा साली कोर्टाचा हुकूम आला, गाड्यांना फिल्म लावायची नाही, लावलेली काढायची, तेव्हा तो चुकीचा आहे असं मला म्हणता येईना. वर्तमानपत्र दुकानात मोठ्यानं वाचलं. शेजारचा चहावाला म्हणाला, "माणिकभाई, धंदा गया आपका." मला त्या क्षणी धंदा नाही, सुमी आठवली.

चौकात पोलीस उभे राहायला लागले. गाडी थांबवायची, तिथंच फिल्म ओढायची. जोरात ओढली की गोंद काचेवरच राहतो, पांढरे डाग पडतात. मग लोक माझ्याकडं यायचे, डाग काढून द्या म्हणून. ज्या काचा मी सजवल्या, त्याच मी साबणपाणी आणि पातं घेऊन खरवडत होतो. पुढारी साहेबांचीही गाडी आली. या वेळी मागचीही काढायची होती.

बिराप्पाची व्हॅन दोनदा अडवली. त्यानं डॉक्टरचा कागद दाखवला. हवालदार ओळखीचा होता, म्हणाला, "मला कळतंय बिराप्पा, पण मी सोडलं तर दुसरा धरंल." आम्ही दोघं बिदरला पोलिसांच्या मोठ्या ऑफिसात गेलो. तिथला अधिकारी बरा माणूस. त्यानं खुर्ची दिली, सगळं ऐकलं, कागद परत परत वाचला. मग म्हणाला, "ज्यांच्या जिवाला धोका हाय अशा मोठ्या माणसांना परवानगी मिळती. आजाराचं त्यात लिहिलेलं न्हाई. माझ्या हातात असतं तर आत्ता सही केली असती."

बाहेर आल्यावर बिराप्पा म्हणाला, "हिच्या जिवाला धोका न्हाई व्हय?" ते तो माझ्याकडं बघून म्हणाला नाही. रस्त्याकडं बघून म्हणाला.

त्यानं खिडकीला बायकोचं लुगडं बांधून बघितलं. तेही पोलिसांनी सोडायला लावलं, पडदेही चालत नाहीत. शेवटी एका सकाळी बापलेक दुकानात आले. सुमीनं डोक्याला ओढणी गुंडाळली होती, काळा चष्मा होता. ती दुकानाच्या आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसली. बिराप्पा म्हणाला, "काढा अण्णा," आणि चहाच्या टपरीकडं निघून गेला. चहा त्यानं घेतला नाही, पाठ करून उभा राहिला.

मी मागच्या काचेपासून सुरुवात केली. गरम हवा द्यायची, कोपरा सोडवायचा, हळू ओढत जायचं. फिल्म निघताना चरचर आवाज येतो. सुमी तो ऐकत होती.

"काका, माझी बाजू झाली का?"

"न्हाई. ती शेवटी काढतो."

"शेवटी काढली तरी निघंलच की."

मी पातं खाली ठेवलं. माझ्याकडं एक बिनरंगी फिल्म होती, लावली तरी दिसत नाही अशी. ऊन अडवते. मी तिला तेच हळूच सांगितलं. म्हटलं, चौकात कुणाला कळणार नाही.

"डोळ्याला उपयोग व्हईल?"

"डोळ्याला न्हाई. कातडीला व्हईल."

बिराप्पा तोवर दारात आला होता. त्यानं ऐकलं. "नको अण्णा. फिल्म ती फिल्मच. कुणी हात लावून बघितलं तर परवाना जाईल. मग हिची फेरी बी न्हाई, पॅसेंजर बी न्हाई." मी तिची बाजू काढली. ती माझ्या हातची, मागच्याच पावसाळ्यात बदललेली होती. रंग जराही उतरला नव्हता. अजून तीन उन्हाळे सहज गेली असती. काम पुरं झाल्यावर ती चष्मा सावरत गाडीत बसली आणि आपणहून मधल्या जागेवर सरकली.

पुढचं मला बिराप्पाकडून कळत गेलं. सुमी ओढणी, चष्मा, पूर्ण बाह्या अशी कॉलेजला जात राहिली. उन्हाळा वाढला तसं तिनं व्हॅनमध्ये छत्री उघडून बसायला सुरुवात केली. पॅसेंजर हसायचे. कुणाच्या डोळ्याला काडी लागेल म्हणून कुणी कुरकुरायचं. एका बाईनं विचारलं, "पोरी, गाडीत पाऊस पडायलाय का?" सगळी गाडी हसली. सुमी त्या दिवशी छत्री मिटून बसली. संध्याकाळी घरी पोचली तेव्हा डोळे सुजून बंद झाले होते. दोन-तीनदा असं झाल्यावर गुलबर्ग्याच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, असं चालू ठेवलं तर आहे ती नजर जाईल. शेवटचं वर्ष होतं. परीक्षेला ती बसली नाही.

मी फिल्मचा धंदा बंद केला. सीट कव्हर, रबरी मॅट, देवांच्या छोट्या मूर्ती ठेवायला लागलो. आजवर त्यावर चाललंय. लोक म्हणतात, बरं झालं, हात साबणानं फाटायचे ते वाचले. सुमी आजही दुबलगुंडीतच असते. दिवस मावळला की गावातली पोरं अंगणात तिच्याकडं शिकायला येतात. शिकवते चांगली, असं बिराप्पा सांगतो. शाळेतल्या खिडक्या मात्र दुसरंच कुणी उघडतं.

सुमीचं कॉलेज सुटलं त्या वर्षीच्या थंडीत, दुकान बदलताना, चांगल्या फिल्मचा एक रोल उरला होता. गाडीला लावायची सोय नव्हती. मला सुचलं, घराच्या खिडकीला कुणाची मनाई नाही. बिराप्पाच्या घराला रस्त्याच्या बाजूला एक लाकडी खिडकी होती. सुमीमुळं ती वर्षानुवर्षं दिवसा बंदच असायची. मी बिराप्पाशी बोललो. त्यानं चिटगुप्प्याच्या सुताराकडून फळ्या काढून काच बसवून घेतली आणि मी एका सकाळी सामान घेऊन गेलो.

काम करताना मी हात आखडला नाही. पाणी भरपूर मारलं, कडा पुन्हा पुन्हा दाबल्या, एक फुगा राहू दिला नाही. घराची काच सपाट, हलत नाही, धक्के नाहीत. इतकी सोपी काच मी आयुष्यात केली नव्हती. सुमीची आई मागं उभी राहून बघत होती. झाल्यावर म्हणाली, "ये गं, बस."

सुमी चष्मा काढून खिडकीशी बसली. काचेला नाक लावलं, लहानपणीसारखंच. रस्त्यावर ऊन होतं. शाळेची पोरं दप्तरं घेऊन चालली होती, एक बैलगाडी कडब्याचा भारा घेऊन गेली. ती बराच वेळ बघत होती. मला वाटलं, आनंदली असेल. मी विचारलं, "बरं दिसतंय का?"

"लई बरं दिसतंय," ती म्हणाली. डोळ्याला पाणी आलं नव्हतं, मी नीट बघितलं. मग तिनं काचेवर बोट टेकवलं. "पण काका, ही कुटं जात न्हाई."

तिच्या आईनं मान खाली घातली. मी रबराची पट्टी पुसली, पातं पिशवीत टाकलं, उरलेला तुकडा गुंडाळला. आईनं मला जेवून जा म्हणून आग्रह केला. जेवलो. सुमीनं वाढलं.

बिराप्पानं मला सोडायला व्हॅन काढली. मी पुढं त्याच्या शेजारी बसलो. काचा साध्या, लख्ख. ऊन सरळ माझ्या मांडीवर, हातावर येत होतं. थंडीचं ऊन, इतर कुणाला ते गोड वाटलं असतं.